सागवानी सर्व्हर

१२ जून २००६

नीलिमाचा क्लास बंद होतोय! जेवताना सूनबाई सहज बोलून गेली. हरिदास, म्हणजे तिच्या कॉम्प्युटर क्लासचा मालक, दिवाळीच्या सुमारास आलापल्लीतलं बस्तान गुंडाळून गडचिरोलीला जाणार. मी विचारलं, मग तू काय करणार? म्हणाली, "बघू."

'बघू'चा अर्थ मला कोणी शिकवायची गरज नाही. जन्म डेपोत गेला, लाकडाचे लिलाव पाहण्यात. 'बघू' म्हणणारा ठेकेदार दुसऱ्या दिवशी बल्लारशाला माल उचलताना दिसायचा. प्रणित नागपूरला विमा कंपनीत, महिन्यातून एकदा घरी येतो. नीलिमा इथे राहिली ती क्लासपायी. क्लास गेला की ती नवऱ्याकडे जाणार, आणि सानूला इथे थोडीच ठेवणार? चार वर्षांची पोर, पण घरभर तिचाच हुकूम चालतो. ती गेली तर या घरात आवाज कोण करणार? मी आणि सुगंधा तर भांडणंही विसरलो.

१५ जून

डेपोच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. आत गेलो नाही. फेब्रुवारीत रिटायर झाल्यापासून हे असंच — फाटकापर्यंत जायचं आणि परत. माझ्या खुर्चीवरचा नवा हेडक्लार्क उठून उभा राहिला तर काय बोलायचं?

दुपारी पडून होतो. सुगंधा म्हणाली, "अवो, आढ्याचे वासे कालच्या एवढेच हायेत. कमी-जास्त नाई झाले."

१८ जून

हरिदास घरी आला होता. पडवीत नीलिमाशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. मी बाहेर आलो तर दोघं गप्प. आवराआवरीचंच काहीतरी असणार. दिवाळीपर्यंतही थांबत नाही वाटतं गडी.

२० जून

आज एक भन्नाट गोष्ट सापडली!

आरामखुर्चीवर नीलिमाचं कॉम्प्युटरचं मासिक पडलं होतं. इंग्रजी. आधी नुसतं वारा घ्यायला उचललं. मग चष्मा लावला. त्यात लिहिलंय — सगळी मशीनं चांगली असायची गरजच नाही. एक दमदार घ्यायचं, त्याला सर्व्हर म्हणायचं. बाकीची भंगारातली चालतात. त्यांना स्वतःची हार्डडिस्कसुद्धा नको. एक फ्लॉपी घातली की ती तारेतून सर्व्हरला हाक मारतात, आणि सगळं काम सर्व्हर करतो. ही नुसती पडद्यावर दाखवतात. म्हणजे कमावता एक आणि खाणारे पाच, आपल्याकडच्या घरांसारखंच!

वाचता वाचता उठून बसलो. पडवी रिकामी आहे. वीज आहे, इन्व्हर्टर आहे. क्लास घरातच भरवायचा! मग कशाला हवं नागपूर?

नीलिमाला समजावून सांगितलं. डोळे मोठे करून ऐकत होती. "असंबी होते काय बाबा?" मासिक तिचंच, पण वाचलेलं दिसत नाही. हल्लीच्या पोरांना वाचनच नको.

नवल म्हणजे सुगंधाने 'कशाला नसता उद्योग' म्हटलं नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!

३ जुलै

गडचिरोलीला जाऊन आलो, नीलिमाला घेऊन. एका कचेरीतल्या जुन्या सामानाचा लिलाव होता. कॉम्प्युटरच्या दोन थप्प्या लावलेल्या.

लिलाव म्हटल्यावर मला काय विचारता! सगळे नुसते बघत होते, मी एकेक कॅबिनेट हातात घेऊन तोललं. बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. डावीकडची थप्पी जड, पत्रा जाड, आवाज भरीव. उजवीकडची हलकी, ठिसूळ, वाजवलं की पोकळ. लाकडात जे जड आणि भरीव तेच पक्कं, हलकं म्हणजे कच्चं नाहीतर किडकं. नीलिमा मागून एकदाच म्हणाली, "बाबा, ते हलकेवाले उघडून पाहाचे काय?" मी म्हटलं, बाई, तुला कॉम्प्युटर कळतात, मला माल कळतो.

जड थप्पी मिळाली. हलकी वडशाच्या एका भंगारवाल्याने घेतली. त्याची कीव आली.

५ जुलै

मशीनं उघडली. नीलिमाने आत डोकावून पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

जड थप्पीतली सगळी पार जुनी निघाली. पत्रा जाड होता, कारण त्या काळी जाडच बनवायचे. आत नेटवर्कचं कार्ड बसवायला खाचच नाही! आणि कार्डाशिवाय सर्व्हरला हाक कशी मारणार? हलकी होती ती नंतरची, तीच कामाची. कॉम्प्युटर जितका नवा तितका हलका होत जातो म्हणे. सागाचं बरोबर उलटं.

लाज वाटली. फार वाटली. सानूने विचारलं, "आजोबा, तुमी फेल झाले?" हो म्हटलं.

नीलिमा एका शब्दाने लागट बोलली नाही. उलट म्हणाली, "बाबा, आता काय करायचं ते तुमीच सांगा."

९ जुलै

सुचलं! सकाळी तोंड धुताना सुचलं. भंगारवाला माल कशावर घेतो? वजनावर! त्याला खाचेशी काय देणंघेणं?

तडक वडसा गाठलं. बशीरभाईचा टेम्पो घेतला, तोही सोबत आला. बशीरभाई म्हणजे फर्निचरवाला, माझा जुना दोस्त. भंगारवाल्यापुढे माझी थप्पी उतरवली आणि म्हटलं, ही घे, तुझी दे. त्याने एक कॅबिनेट उचलून पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की याला वेड लागलंय. माझी कीव करत होता तो, मी त्याची! दोघंही खूश होऊन हात मिळवला. वाटेत बशीरभाई इतका हसला की टेम्पो दोनदा बाजूला घ्यावा लागला.

२३ ऑगस्ट, पोळा

पाच मशीनं धुऊनपुसून पडवीत मांडली. कालपर्यंत आतून पालीची अंडी, धूळ, एकातून तर मुंग्यांचं आख्खं वारूळ निघालं. रोज सकाळी चहा झाला की मी पडवीत. स्क्रूड्रायव्हर, ब्रश, फुंकणी. दुपार कधी होते कळत नाही. सुगंधा जेवायला दोनदा हाक मारते आणि दोन्ही वेळा मी 'आलोच' म्हणतो.

सानूने आज बैलांच्या आधी कॉम्प्युटरांना ओवाळलं. त्यांनाही पुरणपोळी पाहिजे म्हणून हटून बसली. त्यांच्या नावाची मी खाल्ली.

१० सप्टेंबर

आता सर्व्हर. तो मात्र नवाच घ्यायचा. चुकायचं नाही.

नीलिमाला विचारलं, पैसा कशावर घालायचा? मला वाटत होतं, सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर. तर ती म्हणाली, "बाबा, पाच घरचा भात एका चुलीवर रांधायचा हाय. जाळ कितीबी वाढवा, गंजच लहान असन तर भात उतू जाईन. गंज मोठा घ्या." गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं, इथे रॅम. पाचही मशीनं एकाच वेळी काम टाकणार, ते सगळं मावायला जागा हवी. पटलं. सुगंधा मोठ्या पंक्तीला जो गंज काढते तो डोळ्यांपुढे आला.

नागपूरला एकटाच जा म्हणते. "तुमी पाहून घ्याल बरोबर." जुलैत एवढा तोंडावर आपटलो, तरी ही पोरगी माझ्यावर भरवसा ठेवते. बरं वाटलं.

१४ सप्टेंबर

नागपूर. दुकानदाराने आधी एक बाजूला काच लावलेलं कॅबिनेट दाखवलं, आत निळे दिवे. "काका, हे रॉकेट हाय," म्हणाला. मी विचारलं, वीज किती पितं? त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे लाईट येते कमी आणि जाते जास्त. इन्व्हर्टरवर हे रॉकेट उडायच्या आधीच खाली येईल.

साधा, कमी तापणारा प्रोसेसर घेतला. रॅम एक जीबी. दोन जीबी घेऊन ठेवावी असं मनात आलं होतं, पण नीलिमाने सांगितलं होतं, पाचाला एक पुरे, पुढे वाढवता येते. बोर्डावर एक खाच मोकळी राहील ते मात्र बघून घेतलं. खाचेचं महत्त्व आता मला शिकवायला नको!

हार्डडिस्क दोन घेतल्या. दुकानदार म्हणाला, एवढ्या जागेचं काय करणार? मी त्याला सांगितलं, डेपोत लाकडाच्या लठ्ठ्याच्या दोन्ही तोंडांवर हातोड्याचा छाप मारतात. एक तोंड कोणी कापून नेलं तरी दुसरं बोलतं. क्लासच्या पोरींचं काम दोन्ही डिस्कवर लिहायचं, एक गेली तर दुसरी आहे. त्याने मान डोलावली. काय समजला देव जाणे.

परतीच्या गाडीत खोकं मांडीवर धरून आलो. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा. नाही ठेवलं.

२ ऑक्टोबर

सर्व्हरला उघड्यावर ठेवायचं मन होईना. धूळ, मुंग्या, पाली. बशीरभाईला म्हटलं, पेटी करू. आमच्या लग्नातला पलंग मोडून पडला होता, त्याचं सागवान. (डेपोच्या माणसाच्या घरात बिनपासाचं चोरटं लाकूड सापडणार नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.) चार दिवस आम्ही दोघं भिडलो होतो. गाठ नाही, चीर नाही, पितळी बिजागरी, झाकण असं बसलं की कागद आत जाणार नाही. सर्व्हर आत ठेवला, पाचही मशीनं जोडून सुरू केली, झाकण लावलं. नुसतं बघत राहावं!

चहा पिऊन होईस्तोवर पाचही पडदे काळे. नीलिमाने पेटीवर हात ठेवला आणि पटकन उचलला. आत भट्टी झाली होती. ज्या पेटीत कागद शिरत नाही तिच्यात हवा कुठून शिरणार?

३ ऑक्टोबर

बशीरभाईने मागच्या बाजूला मोठं गोल भोक पाडून पंखा बसवला, पुढे जाळी कोरली. मी बघू शकलो नाही, अंगणात जाऊन उभा राहिलो. तो बाहेर येऊन म्हणाला, "गुणवंतभाऊ, लकडी तर मरूनच गेली आहे, तिले दुखत नाई. आतलं मशीन जिंदा राह्यलं पाहिजे." खरंय. पण ड्रिल फिरत होतं तोवर मला दुखलं.

दिवसभर चालू ठेवलं. पेटी हाताला कोमट. त्यापेक्षा जास्त नाही.

१५ ऑक्टोबर

क्लास सुरू! सात पोरी आल्या, दोघींना शेजारी स्टूल दिलं. एटापल्लीकडची बुधरी आहे एक, इथे मावशीकडे राहते. टायपिंगची परीक्षा द्यायची म्हणते. तिने आपलं नाव मराठीत टाइप केलं, आणि पडद्यावर उमटलं तसं मागे वळून पेटीकडे पाहिलं. अक्षरं तिथून येतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिला आपोआप कळलं.

मध्येच लाईट गेली. पंखे थांबले, रस्त्यावरची पिठाची गिरणी थांबली. पाचही पडदे चालू! इन्व्हर्टर गुरगुरत होता, आणि पेटीतला पंखा. मी खुर्ची पेटीशेजारीच लावलीय. नीलिमा पोरींना म्हणाली, मशीनचं काही अडलं तर सरांना विचारा. 'सर' म्हणजे मी!

आता नागपूरचं नाव कोणी काढत नाही. सानू पेटीवर बसून पाय हलवत गोष्ट ऐकते. मी राखलं हे घर. कोणाला सांगणार नाही, पण इथे लिहितो — मी राखलं.

१९ ऑक्टोबर

एसटी स्टँडवर हरिदास भेटला, गडचिरोलीच्या गाडीची वाट पाहत. मी जरा ऐटीतच म्हटलं, तुझी मशीनं गेली तरी आमचं काही अडलं नाही बरं का.

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "काका, मी तं जूनमधीच घरी येऊन वहिनीले म्हटलं होतं, पाचही मशीन इथीच ठेवतो, क्लास तुमीच चालवा. त्याच नको म्हणाल्या. म्हणे, मी नागपूरले कुठी चालली? पण आमचे बाबा फेब्रुवारीपासून आढ्याकडे पाहून राह्यले, आईले रडू येते. त्यायले काम पाहिजे."

घरी आलो. पोरी गेल्या होत्या. सुगंधा दिवाळीच्या करंज्या तळत होती. हरिदास भेटल्याचं दोघींना सांगितलं नाही, सांगणारही नाही. नुसतं म्हटलं, इन्व्हर्टरचा आवाज मला बरा वाटत नाही, उघडून पाहतो.

"पाहा न बाबा," नीलिमा आतून म्हणाली. स्क्रूड्रायव्हर माझ्या खुर्चीवर ठेवलेला होता.

इन्व्हर्टरला काही झालेलं नाही. तरी उघडला.