नाकावरचा पदर

अनगोळ, बेळगाव
रविवार, ३ जुलै २०२२

ती. यशोदाआक्का हिस,
धाकटीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या कानाचं नवं यंत्र तू डब्यात घालून ठेवलं आहेस, असं तुझ्या भीमरत्नानं मला कळवलं. म्हणजे फोनवर तुला ऐकू येणार नाही आणि व्हिडिओवर तू आम्हाला नुसतं कपाळ दाखवणार. तेव्हा पत्रच बरं.

माझी उपासना पाली शिकायला श्रीलंकेला गेली तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले होते. बुद्धाला मानणारा देश, तिथं कसली काळजी, असं मीच सगळ्यांना सांगत होते. आता तिथं पेट्रोल नाही, गॅस नाही, वर्ग बंद. एकाच घरातले भाऊ, मुलगे आणि पुतणे खुर्च्या धरून बसले, कुणाला काही विचारीनासे झाले आणि देशाची चूल विझली. एप्रिलपासून लोक कोलंबोत समुद्राकाठी तंबू ठोकून बसलेत. राष्ट्राध्यक्षानं घरी जावं, एवढंच मागणं. त्या तंबूंत एक वाचनालयही आहे म्हणे. आमच्या बाईसाहेब आधी तिथं पुस्तकं लावायला जायच्या. आता मुक्कामच तिथं.

तुला खरं सांगते, तिचा फोन आला की मला भीती वाटते आणि त्याच वेळी आपणही तिथं असायला हवं होतं असं वाटतं. या वयात हे शोभतं का? रोज सकाळी शाळेत जाणाऱ्या मुलीसारखी लवकर उठून मी बातम्या लावते. मराठीत दोन मिनिटं दाखवतात, मग कन्नड, मग इंग्रजी.

पण ९ तारखेला साऱ्या देशानं कोलंबोत यायचं ठरलं आहे. ती परदेशी विद्यार्थिनी, व्हिसावर राहणारी. तिला पकडलं तर सोडवायला कोण जाणार? तिचे बाबा गेल्यापासून मला तिच्याशिवाय कोण आहे? मी शुक्रवारचं, ८ तारखेचं, चेन्नईचं विमानाचं तिकीट काढून पाठवलं.  तिनं विषय बदलून मला तुरीच्या डाळीचा भाव विचारला.

आक्का, तू तिची मोठी आई. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. परत ये म्हणून तिला सांग.

माझ्यावरचा लोभ आणि तुझं ओरडणं, दोन्ही चालू ठेव.

तुझी,
सुनी

निपाणी
६ जुलै

चि. सुनीस,
आक्काचा जयभीम आन् पोटभर आशीर्वाद.

यंत्र डब्यात हाय, कारण कानात घातलं की किर्र करतंय. तंबाकूच्या वखारीत तीस वर्सं बायकांचं वराडणं ऐकलं, तवा कान गेलं न्हाईत, आता त्या यंत्रानं जातील.

तू लिवलंस पोरीला परत ये म्हणून सांग. मी सांगितलं न्हाय. सांगणार बी न्हाय. रागव मला.

काल भीमरत्ननं तिला फोनवर दावली. मला ऐकू यीना, मग ती कागदावर मोठ्या अक्षरात लिवून धरायला लागली. तिनं इचारलं, वखारीत तंबाकू निवडताना आज्जी नाकाला पदर कशी बांधायची, ते दाव. मी म्हटलं, आता कशापायी? तिनं एकच शब्द लिवला, धूर. पोलिसांचा डोळं झोंबणारा धूर गं.

मग मी आपल्या सुनंची, दिपालीची ओढणी घेतली. ती बी तिथंच हुती. नाकावरनं घ्यायची, उजव्या कानामागनं मानंवर न्यायची, तिथं दोन येढं, आन् उरलेलं टोक डाव्या कानाजवळ इड्याच्या पानावाणी खोचायचं. हात रिकामं ऱ्हात्यात आन् पळालं तरी सुटत न्हाय. आपल्या वखारीबिगर ही गाठ मी कुठं बगितली न्हाय. धुळीला कोरडी चालती, धुराला भिजवून बांध म्हणून सांगितलं. पाचव्या खेपंला तिला जमली. दिपाली हसून हसून भितीला टेकली, म्हणती, अत्ती आता फोनवरनं क्लास काढा.

तुला ही गाठ येत न्हाय. आठ वर्साची असताना सिस्टरबाईनं तुला बोर्डिंगात नेली, मी तेरा वर्साची आईसंगं वखारीत. त्येचा मला राग न्हाय. एकीनं शिकावं हे आईनंच ठरिवलं हुतं. पण ज्याला गाठ म्हाईत न्हाय, त्यानं पोरीला परत बोलवायची घाई करू नये, एवढंच.

तब्येतीला जप. लाडू करून ठेवलेत, माणूस गावला की धाडते.

तुझी,
आक्का

अनगोळ
रविवार, १० जुलै

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्यावर रागवायला दोन दिवस राखून ठेवले होते. पण कालच्या दिवसानं ते सगळे खाऊन टाकले.

ती विमानात बसली नाही, हे तुला माहीतच आहे. काल सकाळी सातपासून मी टीव्हीपुढे. शेजारच्या मंगलवहिनी भाजी निवडायला घेऊन आल्या आणि ती पालकाची जुडी संध्याकाळपर्यंत तशीच मांडीवर राहिली. रात्री लावलेली संचारबंदी सकाळी उठली. पेट्रोल नाही, म्हणून माणसं चालत, सायकलवर, ट्रकच्या टपावर बसून निघालेली. स्टेशनांवर लोकांनी गाड्या सोडायला लावल्या आणि डबे भरभरून आले! मंगलवहिनी येळ्ळूरच्या, लहानपणापासून सीमाप्रश्नाचे मोर्चे बघितलेल्या. पोलिसांची कुठली फळी आता तुटणार, हे त्या आधीच सांगत होत्या आणि तशी ती तुटत होती. मी टाळ्या वाजवल्या, आक्का. माझा चहा दोनदा उतू गेला.

आणि मग ती दिसली. अडथळ्यांपाशी, पांढऱ्या धुरात, पिवळी ओढणी, डाव्या कानाजवळ पानासारखं खोचलेलं टोक. एक क्षणभर. मग ती गुडघ्यावर बसली, आडवी झाली, आणि दोघांनी तिला खांद्याला धरून उचललं. तेवढ्यात भीमरत्नाचा फोन, की आईनंही बघितलं आणि आई म्हणते ती आपलीच. गाठ तुझी, मग शंका कसली! तिचा फोन बंद. मी पाच तास काय केलं ते मला आठवत नाही. मंगलवहिनींनी माझा हात सोडला नाही, एवढं आठवतं.

पावणेसहाला तिचा फोन आला, आणि कुठून? राष्ट्राध्यक्षाच्या वाड्याच्या बागेतून! आत लोक तलावात पोहत होते, कुणी पलंगावर लोळून बघत होतं, आणि आपली पोरगी तिथल्या नळावर तोंड धुऊन मला फोन करत होती. मी रडत तिला विचारलं, की लागलं कुठं? तिला कळेचना. ती पडलेली मुलगी निल्मिनी, तिच्या वाचनालयातली मैत्रीण. डोळे सुजलेत, बाकी बरी आहे. उपासनानं गुरुवारी आणि शुक्रवारी तंबूत बसून चाळीसेक मुलींना तुझी गाठ शिकवली होती. काल त्या सगळ्या तुझ्या गाठीनं बांधलेल्या होत्या! निपाणीच्या वखारीतल्या सगळ्या बायका तिथं उतरल्यासारख्या. आपण दोघी परक्याच्या पोरीसाठी रडलो.

आक्का, आता जे लिहिते ते बेचाळीस वर्षं लिहिलेलं नाही.

वखारीचा संप चालू होता, तेव्हा तुम्ही बायका ट्रकनं बेळगावला आला होता आणि कलेक्टर कचेरीकडे चालत निघाला होता. मोर्चा आमच्या कॉन्व्हेंटच्या फाटकावरून गेला. आम्ही मुली आत गजांना धरून उभ्या. सगळ्या बायकांनी नाकाला पदर बांधलेले, आणि सोबतच्या मुली नाक मुरडून म्हणत होत्या की किती वास येतो. एकीनं मला विचारलं, तुझ्या गावच्या ना, ओळखीच्या का? मी नाही म्हटलं. मे महिन्यात घरी आले तेव्हा आईला सांगितलं, की पदर बांधल्यावर सगळ्या सारख्याच दिसत होत्या, तुम्ही ओळखूच आला नाहीत. ते खोटं होतं. आईला मी चालीवरून लांबूनच ओळखलं होतं. मग खाली बघितलं आणि मोर्चा जाईपर्यंत माझे बूट बघत राहिले.

काल मला खरोखरच ओळखता आलं नाही, तर पाच तासांत जीव गेला. त्या दिवशी ओळखूनही माझं काही बिघडलं नव्हतं. हे तुला सांगितल्यावाचून राहवेना.

लोभ ठेव असं आज लिहायचं धाडस नाही. तुला वाटलं तर ठेव.

सुनी

निपाणी
१३ जुलै, आषाढी पुनव

चि. सुनीस,
आक्काचा जयभीम, आशीर्वाद.

आज पुनवंला विहारात सकाळी बायकांनी धूपबत्ती लावली, तेवढ्यात भीमरत्न पळत आला, की पहाटं विमानातनं तो पळाला! देशाचा मालक चोरावाणी बायकोला घिऊन गेला! मी तिथंच टाळी वाजवली, भंतेजी बी हसले. यशोदाबाई ह्या वयात शिट्टी मारती का काय, असं बायका म्हणत हुत्या. दात असतं तर मारली असती.

आता तुझं. तू मोर्च्याचं लिवलंस. मला ठाऊक हाय. आईला बी ठाऊक हुतं.

मी तिच्या बाजूला चालत हुते. फाटक आलं तशी आई म्हणाली, सुनी हितंच हाय, पदरानं तिला वळखू येणार न्हाय. तिनं मानंवरची गाठ सोडली आन् उघड्या तोंडानं धा-पंधरा पावलं चालली. पार तुझ्याकडं बघत. तू बूट बघत हुतीस. म्हणून तुला ती सुटलेली गाठ ठाऊक न्हाय. मेच्या सुट्टीत तू म्हणालीस की पदरामुळं वळखलं न्हाय, तवा मी बोलणार हुते. आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. वळ चार दिस हुता.

मला तुझा लई राग यायचा. लगीन झालं तरी हुता. तू मास्तरीण झालीस, माझ्या भीमरत्नला चार वर्सं तुझ्या घरी ठिवून शिकिवलंस, तवा जरा उतरला. समदा न्हाय. खोटं कशाला लिवू.

आईनं त्या दिवशी परतीच्या ट्रकात एवढंच म्हटलं, की पोरगी अजून बारकी हाय, शिकंल तशी मान वर करंल. आईला जाऊन पंधरा वर्सं झाली. आता शनिवारी तू टीव्हीपुढं मान वर करून दिसभर बसलीस की न्हाय? मग झालं.

पोरीच्या तिकिटाचं काय केलंस ते कळीव.

आक्का

अनगोळ
शुक्रवार, १५ जुलै

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम आणि आज साष्टांग नमस्कारही.

तुझं पत्र पोस्टमनच्या हातातून घेऊन मी जिन्यातच बसून वाचलं.  त्यावर लिहायला गेले तर डोळ्यांतल्या पाण्यानं शाई पुसट होईल.

बातमी तुला कळलीच असेल. काल परदेशातून त्यानं राजीनामा पाठवला आणि आज तो मंजूर झाला! रात्री उपासनानं फोन समुद्राकडे धरला, तर फटाके, ढोल, गाणी, काही ऐकू येईना. आई ऐकतेस ना, ऐकतेस ना, असं ती ओरडत होती. मी म्हटलं ऐकते, आणि तुझ्यासारखंच मलाही काही कळत नव्हतं.

तिकिटाचं विचारलंस. मी दुसरं काढलं होतं, सोमवारचं. ते आज मीच रद्द केलं. तिला सांगितलं, की वाचनालय आवर, पुस्तकं ज्याची त्याला दे, परीक्षा दे, आणि ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाला घरी ये. पुढं काय होईल ते तिथं कुणालाच माहीत नाही, नवे लोक कसे निघतील कोण जाणे. भीती गेली नाही, आक्का. पण त्या भीतीला तिकीट काढून देणं मी बंद केलं.

आता माझं एक काम. २१ ऑगस्टला, रविवारी, कॉन्व्हेंटमध्ये आम्हा जुन्या मुलींचा मेळावा आहे. मला चार शब्द बोलायला सांगितलंय. मी शाळेच्या गमती सांगणार होते, सिस्टरांच्या आणि पुडिंगच्या. आता मी तानीबाईची, वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बाईची, मुलगी म्हणून बोलणार आहे, आणि त्या दिवशीचं सगळं सांगणार आहे. तू ये. सगळ्यांसमोर ती गाठ बांधून दाखव, आणि पहिली मला शिकव. अठ्ठावन्न वर्षांची विद्यार्थिनी चालेल ना?

येतेस एवढं लिही. नाहीच म्हणालीस तर मी निपाणीला येऊन तुला उचलून आणीन.

तुझ्या लोभाची आता खात्रीनं अपेक्षा करणारी,
सुनी

निपाणी
१९ जुलै

चि. सुनीस,
जयभीम, आशीर्वाद.

येते. भीमरत्न गाडीनं सोडतो म्हणतोय, मी एसटीनंच येणार. यंत्र बी कानात घालीन, तू काय बोलतीस ते मला ऐकायचं हाय.

साडी सुती नेस. सुळसुळीत पदराला ही गाठ बसत न्हाय. आन् मागं धाडलेला लाडवाचा डबा रिकामा करून ठेव, तो परत न्ह्यायचा हाय.

मी स्टँडवरनं चालतच येणार, त्याच रस्त्यानं. पदर बांधून. तू आत गजाला धरून थांबू नगंस. फाटकाच्या भाईर रस्त्यावर उभी ऱ्हा, आन् मान वर ठिव. पदर मी सोडणार न्हाय. तूच वळखायचं.

तुझी,
आक्का