माझ्याशिवाय चालत नाही

१२ जानेवारी

नवाफने परवाना अडवला!

तिकिटं, व्हिसा, स्वप्नाची हॉस्पिटलातली रजा, डासांचं मलम — सगळं तयार. ग्वातेमालाच्या जंगलातलं टिकाल. माया लोकांची जुनी देवळं. आणि अडलं कुठं? माझ्याच कंपनीत! एसी दुरुस्तीचा हा धंदा मी उभा केला, पण कागदावर मालक अबू नवाफ आणि मी त्यांचा कामगार. कामगाराने देशाबाहेर जायचं तर आधी मालकाने फोनवर मंजुरी द्यायची. हा नियम आला तेव्हा म्हातारा चहा निवायच्या आत मंजुरी द्यायचा. आता तो अंथरुणावर. कारभार लेकाकडे, नवाफकडे.

नवाफ गोडच बोलला. "अबू वीणा," — इथल्या रीतीने लेकीच्या नावावरून बापाला हाक — "तुम्हीच सांगता ना, तुम्ही नसलात तर कुवेतमधला एक एसी गार होणार नाही? मग मी कसा सोडू?"

सांगतो खरा. वर्षानुवर्षं सांगतोय! गिऱ्हाइकांना, म्हाताऱ्याला, म्हाताऱ्याच्या दिवाणियात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, चारचौघांत. धंद्यात असं बोलावंच लागतं. पोरगं कोपऱ्यात बसून ऐकत मोठं झालं — आणि खरं धरून बसलं.

१५ जानेवारी

स्वप्ना चिडलीय. "अहो, ओरडा की जरा त्याच्यावर! बाहेर सगळ्यांना हसवत फिरता, आणि इथे मांजर!"

ओरडून काय होणार? पोराच्या पोटात पाप नाही. मशीन असो की माणूस, आवाजावरून मला कळतं. तो घाबरलाय. बाप आजारी, धंद्यातलं ओ की ठो ठाऊक नाही. घाबरलेला माणूस आधी दार लावून घेतो. आत मी!

ते चित्र आज कपाटातून काढलं. पहिल्या गॅरेजात कुठल्याशा पार्ट-कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यातलं. जंगलाच्या वर डोकं काढलेलं दगडी देऊळ. वर्ष सरलं, चित्र कापून भिंतीला लावलं. इम्तियाज तेव्हा नवा मेकॅनिक. विचारायचा, "उस्ताद, ये आपका गाँव है?"

"हाँ, कराड!"

अजून त्याला तसंच वाटत असेल.

१६ जानेवारी

नवाफला परत विचारलं. "इन्शाअल्लाह." म्हणजे नाही.

२० जानेवारी

स्वप्नाला विमानतळावर सोडलं. एकटी नको म्हणून तिच्या वॉर्डातली देवयानी ऐनवेळी तिकीट काढून निघाली. मीच दोघींना म्हटलं, जा. पैसे बुडायला नकोत हे एक, आणि निदान एकाच्या तरी डोळ्यांनी बघून होईल.

"रजा संपेपर्यंत तिकडं वाट बघेन," स्वप्ना म्हणाली. रडली नाही. रागातच होती. काचेचं दार तिच्यापुढं आपोआप उघडलं. मिटलं. मी अलीकडं.

२३ जानेवारी

फोन! स्वप्ना देवळाच्या माथ्यावर! लाकडी जिन्याने चढली, धाप लागलेली. "अहो, खाली नुसती झाडंच झाडं, आणि मधूनच देवळांची टोकं. तुमचं कॅलेंडर!"

तेवढ्यात तिच्या मागून घरघर सुरू झाली. बेअरिंग गेलेल्या कंप्रेसरसारखी, वाढतच चाललेली. मी ओरडलो, "आधी बंद करा ते मशीन!"

ती हसत सुटली. "माकडं आहेत हो! इथली माकडंच अशी ओरडतात."

इथे रुमैथियात, घराच्या खिडकीशी उभा राहून मी ग्वातेमालाची माकडं ऐकली. खाली कचऱ्याची गाडी उभी.

वाटाड्याने त्यांना सांगितलं म्हणे, एवढं मोठं शहर, पण माणसं हळूहळू निघून गेली आणि जंगल आत शिरलं. म्हटलं, "आणि राजा?"

देवयानी मागून ओरडली, "तो बसला असेल तुमच्यासारखा! माझ्याशिवाय चालत नाही म्हणत!"

२४ जानेवारी

बाई फटकळ आहे. पण तिच्यामुळंच सुचलं. थाप मी मारली, मीच मोडायची.

२७ जानेवारी

अहमदीच्या एका क्लिनिकचा एसी प्लांट बंद पडला. इम्तियाजचा फोन. "उस्ताद, कब आ रहे हो?"

"नहीं आता. तू देख."

"तबीयत ठीक है ना?"

फोनमधून ब्लोअर ऐकू येत होता — पट्टा सैल, बाकी काही नाही! जीभ आवरली, फोन ठेवला. मग घरात येरझाऱ्या. भेंडी चिरायला घेतली, बोटच कापलं. पुन्हा फोन काही आला नाही. क्लिनिकवाल्यांनी थेट नवाफला फोन केला — इम्तियाजने चोख काम केलं म्हणून.

मला कुणी विचारलंही नाही.

२८ जानेवारी

दिवाणियात गेलो. गहवा, इथली कडू कॉफी, हातात आली तसं सगळ्यांदेखत नवाफला म्हटलं, "माझ्याशिवाय सगळं चालतं. आजवर थापा मारल्या."

हशा! नवाफ तेवढा हसला नाही. "खरंच?"

"काल बघितलंस की."

"हो," म्हणाला. आवाजातली भीती पार गेलेली. मी ती जाताना ऐकली. फार बरं वाटलं.

घरी येईपर्यंत.

३० जानेवारी

मंजुरी आली! सोबत नवाफचा निरोप — "जा, अबू वीणा. हवं तितकं राहा, परत यायची घाई नको. निघताना गॅरेजच्या किल्ल्या इम्तियाजला द्या."

दिल्या.