पानं घेतली

जबलपूर, ५ सप्टेंबर २०२४

ती. शकुताईंना शैलजाचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र काहून, असं म्हणाल. दोन खोल्यांचं घर. फोनवर जे बोलते ते चिन्मयीला ऐकू जातं, आणि तिच्याबद्दल बोललेलं तिला आता खपत नाही. सतरावं लागलं.

तुमच्या भाचीची शुगर नवव्या वर्षापासूनची, ती तुम्हाला नवी नाही. नवं हे की ती आता कोणासमोर जेवत नाही. कोचिंगच्या मुली खोव्याची जिलबी खायला निघाल्या की ही सांगते, आज माझं व्रत आहे. इतकी व्रतं झाली की मुली तिला 'भगतिन' म्हणून चिडवतात. हे सांगताना हसते, पण डबा तसाच परत येतो. इन्सुलिनची सुई घेतलेली आणि पोळ्या डब्यात. सुई घेऊन जेवलं नाही की साखर उतरते, हातपाय कापतात, पुढे शुद्धही जाते. वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली. किती वाट्या भात ते त्यात आहे. तो पोरीच्या पोटात कसा जावा ते नाही.

हे होते तेव्हा सोपं होतं. स्वयंपाकघरातून 'पानं घेतलीऽ' अशी लांब हाक द्यायचे. ती आत सुई टोचून यायची, तोवर भात वाढलेला असायचा. हाकेनंतर तिला कधी थांबावं लागलं नाही. आता मी नुसतं ताट वाजवते.

षष्ठीला यांचं श्राद्ध. तुम्ही याच. एकच मागणं, तिच्या ताटाबद्दल कोणी काही बोलू नये. आजवर माया केलीत, ती आटू देऊ नका.

आपली,
शैलजा

&nbsp;

नागपूर, १२ सप्टेंबर २०२४

चि. शैलजा हिला अ. आ.

पत्र पोचलं. पुस्तकं वाचून वाचून तू अर्धी डॉक्टरीण झाली आहेस. आता माझ्या गुडघ्यांचंही एखादं पुस्तक आण. शेजारच्या राधाबाईंनी जांभळाच्या बियांची पूड दिली आहे, ती आणून राहिले. नाक मुरडू नको. सुई बंद कर म्हणत नाही, बाजूला ठेव इतकंच.

तिच्या ताटाकडे मी पाहणारसुद्धा नाही, वचन देते. पण खीर मी करीन. अच्युतला माझ्याच हातची लागायची. पोरीला नको देऊ, कावळ्याला तर देशील?

आणि ती हाक तुझ्या नवऱ्याची नव्हे बरं, आमच्या आईची. अच्युतनं तिच्याकडून उचलली आणि मीही. मी ओट्याजवळून मारली की शेजारचेही हात धुऊन बसतात.

सोमवारी सकाळी पोचते. पोरीच्या गालाला माझा हात लाव.

तुझी,
शकुताई

&nbsp;

नागपूर, २७ सप्टेंबर २०२४

चि. शैलजास आशीर्वाद.

तुझे फोन घेतले नाहीत. घेतले असते तर वाईट बोलले असते.

अच्युतचं पान मी माझ्या हातानं गच्चीवर ठेवलं. कावळा एक नाही. गुरुजी म्हणाले थांबा, पान शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. हात जोडून भावाला विचारून राहिले होते की तुझं काय राहिलं ते सांग, पोरीचं सगळं करू आम्ही. तेवढ्यात तू आलीस आणि त्याच्या पानावरची खीर उचलून पोरीच्या तोंडात घातलीस. जिला वर्षभर गोड दाखवत नाहीस तिच्या. तिला चक्कर आली हे मलाही दिसलं. पण घरात साखर नव्हती काय?

माझा भाऊ दारातून उपाशी गेला. मी न जेवता परतले ते म्हणून.

चिन्मयीची तब्येत कळव.

शकुताई

&nbsp;

जबलपूर, ६ ऑक्टोबर २०२४

ती. शकुताईंना शि. सा. न. वि. वि.

साखर घरात होती. ती खाली, आणि पोर गच्चीच्या पायरीवर, घामानं भिजलेली. माझ्याकडे पाहत होती पण ओळखत नव्हती. जवळ गोड असं यांच्या पानावरची खीरच होती. अजून गिळता येत होतं, म्हणून भरवली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा भरवीन.

सांगू नये असं ठरवलं होतं, पण आता सांगते. पान वर न्यायच्या आधी तुम्ही ओट्याजवळून हाक मारलीत. गुरुजींसाठी, सवयीनं. चिन्मयीनं ती ऐकली आणि आत जाऊन सुई घेतली. मग आपण सगळे कावळ्याची वाट पाहत राहिलो आणि तीही. दोष तुमचा नाही. मी तिथेच होते, माझ्याही लक्षात आलं नाही.

जेवायला काहून मागितलं नाहीस, असं तिला विचारलं.  तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बुआची आवाज एकदम पापासारखी होती. मी आधी खाल्लं असतं तर ते बिना खाए चले जाते ना."



तेव्हापासून मी कितीही ताट वाजवलं तरी सुई घेतल्यावर लगेच जेवायला मिळेल असा तिला भरवसा नाही. आधी जेवते, मग सुई घेते. कधी सुई घेतच नाही. शुगर चढून राहिली आहे. डॉक्टर रागावले. मी समजावलं, रागावले, एकदा तिच्यासमोर रडले. तिनं मला पाणी आणून दिलं आणि न जेवता झोपली. पुस्तकं परत करून आले.

काल तिनं आपणहून विचारलं, बुआ फोनवर तशी हाक मारेल का. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. तुमचा राग आहे, तो असू द्या, मी त्यावर काही म्हणत नाही. रोज रात्री भात वाढीन, ताट तिच्यासमोर ठेवीन आणि फोन मधे ठेवून दोघी बसू. माझ्याशी एक शब्द बोलू नका. तेवढी हाक मारा आणि ठेवून द्या.

माझ्यासाठी लोभ उरला नसेल, तर तिच्या वाटचा तेवढा राहू द्या.

आपली,
शैलजा