खोबरेल आणि यांची मोटरसायकल

शनिवार, २ फेब्रुवारी १९९१, मिल्टन कीन्स, इंग्लंड

मी सांगतेय, नात नेहा लिहितेय. माझी खोबरेलाची बाटली इतक्या लवकर कशी संपते, ते आज कळलं.

महिनाभर आमचे हे जुनी मोटरसायकल विकायचं म्हणत होते. राउंडअबाउटच्या गोल चौकातून निघताना हिसके देते म्हणून. "माझेच हात थकले आता," म्हणाले. तेव्हापासून जेवणात लक्ष नाही. मला वाटलं, पोट बिघडलंय!

आज नेहाने मागच्या दातेरी चाकावरची चेन बोटाने ओढली, तर ती अलगद वर उचलली जाऊन अर्धा दाता उघडा पडला. दातेही वाकडे, माझ्या झिजलेल्या खवणीसारखे. वर पांढरा, रेती चिकटलेला थर.

"आजोबा, हे काय लावलंत?"

"खोबरेल."

अहो, या थंडीत ते हीटरवर ठेवल्याशिवाय पातळ होत नाही! पुण्यात चाललं म्हणून इथेही?

नेहा म्हणाली, "चेन आणि दोन्ही दातेरी चाकं नवी लागतील. हिसके या झिजलेल्या चेनचेच आहेत, आजोबा. तुमच्या हातांचे नाहीत."

यांनी आज जेवताना दोनदा भात मागून घेतला.

उरलेलं खोबरेल मी त्यांच्या टकलावर चोळलं. तिथे झिजायला काही उरलेलं नाही.