लग्नाच्या केकचं गणित

हर्टफर्डशायर,
१७ मे १९३५

आदरणीय बर्ट्राममामांना सिरिलचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? मामींचा खोकला एव्हाना गेला असेल. मी ठणठणीत आहे. आजारी होतं ते माझं लग्न.

तुम्हाला ठाऊकच आहे, विनिफ्रेडला आई नाही. हेस्टर, ऑगस्टा आणि मॉड या तीन मावश्यांनी तिला वाढवलं, आणि लग्नाचा केक कोणी करायचा यावरून तिघींत जुंपली. एकीला निवडलं तर उरलेल्या दोघी चर्चची पायरी चढणार नाहीत, आणि त्या नसतील तर विनीही चढणार नाही. (नवरामुलगा एकटाच उभा राहिला तर चालतं का, याची मी पाद्रीबुवांकडे चौकशी केली. चालत नाही.) शेती संशोधन केंद्रात सात वर्षं बार्लीच्या खतांची तुलना करणाऱ्या माणसाला जे सुचेल तेच मला सुचलं. प्रत्येकीने पाच साधे स्पंज केक भाजायचे, मी बार्लीची रोपं मोजायच्या पट्टीने त्यांची उंची मोजायची आणि तिघींच्या सरासऱ्या ताडून पाहायच्या. युक्ती सोपी आहे. एकाच मावशीचे पाच केकसुद्धा सारखे फुगत नाहीत. मावशीमावशीतला फरक या घरच्या घरातल्या चढउतारापेक्षा फार मोठा नसेल, तर तो योगायोग समजून सोडून द्यायचा. तसंच निघेल आणि मग चिठ्ठ्या टाकता येतील, अशी माझी खात्री होती.

निघालं उलटंच. फरक खरा होता. रविवारी चहाच्या वेळी मी तिघींना सांगितलं, की तुम्ही सारख्या नाही हे सिद्ध झालंय. (सरासऱ्या खिशातच ठेवल्या, तेवढी अक्कल होती.) तिघींनीही एकमेकींकडे मोठ्या दयेने पाहिलं. मग ऑगस्टामावशींनी विचारलं, "वेगळी कोण?" मी म्हणालो, ते हे गणित सांगत नाही, कोणीतरी वेगळी आहे एवढंच सांगतं. "चांगल्यात वेगळी की वाईटात?" तेही सांगत नाही, म्हटलं.

"सात वर्षं याला पगार मिळतोय," हेस्टरमावशी म्हणाल्या, "आणि हा सांगतो काय, तर कोणीतरी कशीतरी आहे."

मॉडमावशी थोरल्या बहिणीच्या हो ला हो कधी मिळवत नाहीत, पण त्याही म्हणाल्या, "आपल्या पोरीचं कसं व्हायचं गं, हेस्टर?" आणि तिघी एकाच कोचावर दाटीवाटीने बसून माझी उणीदुणी काढू लागल्या. मला राग आला, पण त्यांना महिन्याभराने असं एकत्र बसलेलं पाहून बरंही वाटलं. आता तिघीही लग्नाला येणार आहेत. विनीला माझ्याबरोबर एकटं सोडणं त्यांना धोक्याचं वाटतं.

तुमचा भाचा,
सिरिल

ता. क. केक मावश्यांपैकी कोणीच करणार नाही. विनीने स्वतः करावा, यावर तिघींचं एकमत झालंय.

आणखी एक ता. क. विनीने काल कबूल केलं, की मॉडमावशींचं मनगट दुखावलं होतं म्हणून त्यांचे पाचही केक तिनेच भाजले होते. मामा, ते पाचही फुगायचं सोडून मधोमध खचले होते. तेव्हा एवढी कृपा करा, लग्नात आपला तुकडा संपवून सगळ्यांदेखत दुसरा मागून घ्या. मी तर जन्मभर मागणार आहे.