जमीन नसलेल्या ग्रहाचे बळ

सर, गुरू ग्रहाला जमीन नसते, हे मला तुम्हीच शिकवले. आठवीच्या वर्गात फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढून तुम्ही थांबलात, खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "असं न्हाई कळायचं. चला खिचडीच्या खोलीत." शाळेचे जेवण शिजवणाऱ्या मावशींनी नुकतेच घासून पालथे घातलेले मोठे पातेले तुम्ही सरळ केले, त्यात पाणी ओतले आणि लाकडी चाटूने ते गरागरा फिरवू लागलात. मग एका बाजूने हळदीचे पाणी, दुसऱ्या बाजूने गेरूचे. मावशी दारातून ओरडल्या, "सर, काय करून राहिले वो? उद्या लेकरायला गेरूची खिचडी वाढू का?" सारा वर्ग हसला. तुम्हीही हसलात, पण हात थांबवला नाहीत. पाण्यावर पिवळे-तांबडे पट्टे एकामागोमाग एक गोल ओढले गेले, आणि तुम्ही सांगत होतात की गुरू पृथ्वीपेक्षा कितीतरी मोठा असूनही दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याच्या ढगांचे असे पट्टे होतात. खाली दगड नाही, माती नाही, वायू दाट होत होत द्रव होतो. त्यात पडलेली वस्तू कुठे टेकायच्या आधीच चिरडून आणि वितळून जाईल.

मी वर्गात कधी तोंड उघडत नसे. उत्तर येत असले तरी हात वर जात नसे, हे तुम्हाला ठाऊक होते. त्या दिवशी मात्र पातेल्याच्या काठावरून मी विचारले, "सर, त्याच्यावरचा तो तांबडा डाग वादळ आहे ना? मग ते इतकी वर्षं थांबत का नाही?" तुम्ही माझ्याकडे असे पाहिलेत की जणू इतकी वर्षे याच प्रश्नाची वाट पाहत होतात. "आपल्याकडचं वादळ जमिनीवर आलं की त्याचा जोर मोडतो. तिथं जमीनच न्हाई पोरी. आदळणार कशावर? म्हणून फिरून राहिलंय." वर्ग सुटल्यावर तुम्ही तो चाटू मावशींकडून मागून घेतलात आणि माझ्या हातात दिलात. "हा तुला. प्रश्न विचारल्याचं बक्षीस." मावशी पुन्हा ओरडल्या. तो चाटू अजून माझ्याकडे आहे. मी तो स्वयंपाकात कधी वापरला नाही.

हे सारे मी लिहिते आहे ते तुमचा गौरव करण्यासाठी नाही. तुम्हाला सारे ठाऊक होते, हे आधी नोंदवून ठेवावे म्हणून लिहिते आहे. अज्ञानी माणसावर मला इतका राग धरता आला नसता.

बारावीत मी शाळेत पहिली आले, नांदेडच्या कॉलेजात भौतिकशास्त्राला नाव लागले, आणि त्याच आठवड्यात कळमनुरीकडचे एक स्थळ सांगून आले. बाबा पिठाची गिरणी चालवत. अंगावर पीठ तसेच घेऊन ते तुमच्याकडे गेले, कारण आमच्या गावात, आखाडा बाळापुरात, अडलेला प्रत्येक माणूस तुमच्याकडेच जाई. सकाळी विज्ञान शिकवणारे तुम्ही संध्याकाळी ओट्यावर बसून लोकांना पंचांग पाहून देत होतात. वर्गात एकदा कुणीतरी त्याबद्दल विचारले होते, तेव्हा तुम्ही डोळा मिचकावून म्हणाला होतात, "लोकांचं समाधान होतं. आपलं काय जातं?" मला तेव्हा तो विनोद वाटला. बाबा तुमच्याकडे जाऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात.

मी स्वयंपाकघरात चहा गाळते आहे. बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, पंचांगाची पाने उलटल्याचा येतो. मग तुमचा आवाज, तोच, पातेल्यावरचा: "पोरीला यंदा गुरुबळ आहे. पुढच्या साली न्हाई. स्थळ चांगलं आहे, घ्या उरकून." गाळणी माझ्या हातात तशीच राहते. आयुष्यात दुसऱ्यांदा मी कुणी न विचारता बोलते. दारात येऊन म्हणते, "सर, पण तो तर वायूचा गोळा आहे ना? त्याचं बळ कसलं?" आई माझा हात दाबते. तुम्ही कपाकडे पाहता, माझ्याकडे नाही. "ते पेपरात लिहायचं, बाई. घर पेपरावर चालत न्हाई. मोठ्यांच्या मधात काहून बोलून राहिली?" आणि बाबांना हसून म्हणता, "हुशार लेकरं अशीच अवघड असतात."

प्रवेशाची मुदत टळली. दिवाळीच्या आधी त्या मंडळींना अधिक सोयीचे घर मिळाले आणि ठरलेले लग्न मोडले. त्याच हिवाळ्यात तुम्ही शाळेच्या पायरीवर कोसळलात. सारे गाव रडले, मीही रडले, आणि रडताना मला जाणवले की आता हे भांडण कुणाशी करायचे, तेच उरलेले नाही. पुढच्या वर्षी मी जवळच्या कॉलेजात मिळेल ते घेतले. जे मिळाले ते वाईट नव्हते. पण ते मी निवडलेले नव्हते, सर.

तरीही मी तुम्हाला क्षमा करण्याच्या बेतात होते. बाबांनाच मला पाठवायचे नसेल, तुम्ही त्यांच्या मनातले बोललात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मग एकदा गिरणीत डबा घेऊन गेले असता, पट्टा बंद करून बाबा आपणहून म्हणाले, "सर पाठवा म्हणले असते, तर पाठवलं असतं की मी. तेच ऐकायला गेलतो." पुढे त्यांनी पट्टा पुन्हा सुरू केला आणि काही ऐकू येईना. त्या दिवसापासून माझा राग फिरतो आहे. बाबा धीर मागायला आले होते आणि तुम्ही त्यांना सबब दिलीत, तीही ज्या ग्रहाची दिलीत त्याच्यावर टेकायला तसूभर जागा नाही, हे जिल्ह्यात तुमच्याइतके पक्के कोणाला ठाऊक होते? तुमचा विश्वास असता तर मी वाद घातला असता. तुम्ही तर विश्वास नसताना बोललात, चहा घेतलात आणि निघून गेलात. तुमचे खरेच काही गेले नाही.

आज जवळा बाजार या गावी आठवडी बाजाराचा दिवस होता. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी यंदा बारावी झाली. तिची आई भाजीची पिशवी घेऊन शाळेत आली. "मॅडम, तुमी शिकल्यासवरल्या. पोरीला यंदा गुरुबळ हाय का, तेवढं बघून सांगा." माझा आवाज मी समजत होते त्याहून मोठा निघाला. "ताई, तो ग्रह म्हणजे नुसता वायू आणि वादळं. तो तुमच्या पोरीला काय बळ देणार?" बाई दचकली. "काहून चिडून राहिल्या मॅडम? म्या आपलं विचारलं." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत, अगदी हळू, "म्हंजी, पाठवू का तिला शिकायला?"

मी म्हणाले, "पाठवा."

"बरं," ती म्हणाली, आणि मेथीची एक जुडी माझ्या टेबलावर ठेवून गेली. एवढेच होते, सर. एक शब्द. तो बोलायला ना पंचांग लागते, ना पातेले.

हे पत्र मी कुणाकडे पाठवणार नाही. तुमच्या घरच्यांना तर मुळीच दाखवणार नाही, ते अजून तुमच्या फोटोला हार घालतात. पण एक गोष्ट तुम्ही शिकवली नव्हतीत, ती सांगते. तो तांबडा डाग लहान होत चालला आहे. वर्षानुवर्षे मोजणारे तसे सांगतात, आणि मीही वर्गात तसेच शिकवते. आज ती बाई गेल्यावर माझ्यातही काहीतरी आकसल्यासारखे वाटले आणि मला धास्ती वाटली. कारण हा राग संपला, तर तुमच्या बाबतीत माझ्याकडे फक्त तो चाटू उरेल, आणि मग मला तुमची आठवण येऊ लागेल.