मोहाखालच्या लष्करी ट्रकची निरवानिरव

मी, मनोरमा नीळकंठराव कोतपल्लीवार, वय सत्तावन्न, पूर्वी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, आता पेन्शनर, राहणार आरमोरी, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डॉक्टरांनी माझ्या हृदयाला नावे ठेवली आहेत, डोक्याला नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. तशा इराद्याने आलेले गेल्या आठवड्यात चहा न घेता परत गेले.

१. राहते घर कमळा वाढई हिला द्यावे. ती माझी विद्यार्थिनी, आता माझ्याच शाळेत शिकवते. मागची खोली, चूल आणि परसातला शेवगा हयातभर बुधरीचा. बुधरीने मला रांधून घातले आणि माझे बोलणे ऐकून घेतले. यातले दुसरे काम जड होते. पोस्टातली शिल्लक दोघींनी निम्मी निम्मी घ्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही कमळेनेच करावी. टाइपरायटर तिचा. नागपूरच्या कॉन्व्हेंटात नन्सनी मला शिवण आणि इंग्रजी पत्रलेखन शिकवले. शिवण मी विसरले.

२. आता ट्रक. घरामागे मोहाखाली उभा आहे तो. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेला, अमेरिकन बनावटीचा, सहा चाकांचा. माझे पती कै. नीळकंठराव यांनी तो सागवान ओढायला घेतला. पावसाळ्यात एटापल्लीकडच्या वाटा बंद झाल्या की लाकडाऐवजी माणसे आणायचा. बाळंतिणी, तापकरी, अस्वलाने ओरबाडलेले. शाळेच्या शेवटच्या तासाला तो तळ्याकडच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत यायचा. मुली फळ्याकडे पाहायचे सोडून माझ्याकडे पाहायच्या. "बाई, साहेब आले." मी म्हणायची, "गणित करा." आणि खडू हातात धरून स्वतःच ऐकत उभी राहायची.

तो आवाज पुन्हा ऐकावा एवढ्यासाठी मी पाच वर्षे पत्रे लिहिली. लोक म्हणाले, बाईला भंगाराचा नाद लागला. म्हणोत.

३. माझे दीर बापूजी कोतपल्लीवार यांना एक लोखंडी तुकडा द्यावा. तो माझ्या कपाटात फडक्यात गुंडाळलेला आहे. त्याची हकीकत अशी. बावन्नच्या उन्हाळ्यात ट्रकच्या पुढच्या चाकाचा जॉइंट गेला. या जातीच्या ट्रकांत पुढचा एक्सल दोन तऱ्हांचा येतो. एक गोल पोटाचा, एक मधोमध दोन फाकांचा. एकाचा जॉइंट दुसऱ्याला लागत नाही. आमचा दोन फाकांचा, हे मला फार पुढे कळले. बापूजींनी गोल पोटाचा आणला, घासून, ठोकून बसवून घेतला. नीळकंठराव बाहेरगावी होते. मी अंगणात उभी राहून विचारले, "भाऊजी, तोच आहे ना?"

"वहिनी, लष्कराचं सारं एकाच साच्यातलं असते. चालते हे."

"चालते की बरोबर आहे?"

"तुमचं कान्व्हेंट घरात ठेवा जी. गाडी बायकांचं काम नोहे."

पुढच्या पावसात एटापल्लीच्या अलीकडच्या नाल्यात तो जॉइंट तुटला. पलीकडे धुरपता नावाची तापाने फणफणलेली पोर खाटेवर वाट पाहत होती. नीळकंठराव पाण्यात उतरले, भिजत मागच्या गावापर्यंत चालत गेले, बैल घेऊन आले. ट्रक निघाला. पोरीला दुसऱ्यांनी खांद्यावरून आणले, ती जगली, तिला आता दोन लेकरे आहेत. यांच्या छातीत सर्दी बसली ती उठली नाही. बापूजींनी तेराव्याला सर्वांसमोर म्हटले, वेळ आली होती. वेळ नव्हती, जॉइंट होता. तुकडा त्यांनी जेवायच्या खोलीत ठेवावा, अशी माझी इच्छा आहे. नाही ठेवला तरी आता त्यांना तो दिसेलच.

यांच्या पश्चात बापूजींनी ट्रक मोडीत काढायला माणूस आणला होता. मी दारात खुर्ची टाकून बसले तेव्हा तो गेला. पण जाताना डॅशबोर्डावरची पितळी पाटी उचकटून घेऊन गेला. पाटीवर ट्रकचा नंबर होता. त्यानंतर मी जिथे जिथे लिहिले, कलकत्त्याला, मुंबईला, थेट अमेरिकेतल्या कंपनीला, तिथून एकच उत्तर यायचे: नंबर कळवा. नंबराशिवाय कोणता एक्सल ते सांगणार नाहीत. त्यांचे चूक नाही. मीही मुलींना हजेरीक्रमांकाशिवाय पेपर देत नसे.

४. ट्रक मुखरू मडावी याला द्यावा. तो यांचा क्लीनर, पुढे ड्रायव्हर. गेल्या दसऱ्याला तो नेहमीसारखा शेंदूर आणि नारळ घेऊन आला. चालत नसलेल्या गाडीची पूजा कसली, म्हणून मी खेकसले. मग पत्रांचे रडगाणे गायले. तो शेंदूर कालवता कालवता म्हणाला, "बाई, आकडे तं इथी आहेत. याच्या खाली."

"कशाच्या खाली?"

"शेंदराच्या. साहेबायनं नवी गाडी आणली तवा इथी वाकून, बोट फिरवून पाहेत. मी मनलं, गाडीचा देव इथीच असन. मंग दर दसऱ्याले इथीच लावत गेलो."

"अरे, मग इतकी वर्षे तोंड का उघडले नाहीस?"

"तुमी पाटीचं इचारलं. पाटी तं भंगारवाल्यानं नेली."

शेंदूर खरवडायला तो तयार होईना. आधी नारळ फोडला, माफी मागितली, मग चाकू लावला. चासीच्या लोखंडावर ठोकलेला पुरा नंबर निघाला, इतक्या वर्षांच्या शेंदरामुळे त्याने गंजसुद्धा धरला नव्हता. मी वाकले, त्यावरून बोट फिरवले. तिथे यांचेही बोट फिरले होते. पुढचे मुखरूला दिसू नये म्हणून मी त्याला पाणी आणायला पाठवले.

कंपनीने उत्तर दिले: दोन फाकांचा. कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याकडे त्याचा जॉइंट निघाला, लष्करी तेलकागदात बांधलेला. तो रेल्वेने वडसा स्टेशनवर यायचा आहे. मी असताना येतो की नंतर, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

५. पार्सल आल्यावर कमळेने जॉइंटवरचा नंबर कंपनीच्या पत्राशी स्वतः ताडून पाहावा आणि मगच तो बसवू द्यावा. जुळत नसेल तर परत पाठवून पुन्हा लिहावे. तिथे कोणी "चालते" म्हणाल्यास त्याला अंगणाबाहेर काढावे, तो नातेवाईक असला तरी.

ट्रक सुरू झाला की मुखरूने तो आधी तळ्याकडच्या चढावरून दुसऱ्या गिअरमध्ये आणावा, शाळा सुटायच्या आत. कमळे, त्या वेळी वर्गात गणित घेऊ नकोस.

मग एटापल्लीला जावे. नाला लागेल. तिथे थांबू नये, फूल टाकू नये, माझे नाव घेऊ नये. सरळ पाण्यात घालून पलीकडे न्यावा आणि तिथेच इंजिन बंद करावे. यांना पलीकडे जायचे होते.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला मान्य आहे, आणि साक्षीदारांसमोर खाली सही केली आहे. मुखरूलाही साक्षीदार व्हायचे होते. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्ष देऊ नये असे वकील म्हणतात, ते मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मंग मले गाडी नोका देऊ, सही करू द्या." त्याची मागणी नामंजूर.

सही: मनोरमा नीळकंठराव कोतपल्लीवार

साक्षीदार:
१. डॉ. वामन देवतळे, आरमोरी
२. सोमाजी भोयर, पोस्टमास्तर, आरमोरी

आरमोरी, ९ सप्टेंबर १९५७